झाडावर बसायचं तर दोर कुठला?

ट्री सॅडल, म्हणजे झाडाला दोराने लटकून बसायचं कमरेचं बसणं, ही वस्तू मुळात अमेरिकेतल्या शिकाऱ्यांची. तिकडे पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार परवाना काढून, ठरलेल्या हंगामात करता येते, आणि धनुष्यबाण घेऊन झाडावर दबा धरून बसणारे पुष्कळ आहेत. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो विषयच संपवला. गवा तर पहिल्या परिशिष्टात आहे. माझ्या हातात असतो तो कॅमेरा. पण झाडावर तीन-चार तास हालचाल न करता आणि मुख्य म्हणजे खाली न पडता बसायचं कसं, हा प्रश्न बाणवाल्यालाही पडतो आणि फोटोवालीलाही. त्यांनी त्याचं उत्तर आधीच शोधून ठेवलं होतं, मी ते कोल्हापुरात बसून जमवलं.

माझं झाड आजरा तालुक्यात, मामाच्या शेताच्या बांधावर. खाली घनसाळ भात, पलीकडे उतारावर रान. भात पोटरीला आलं की गवे उतरतात. मामा आणि शेजारचे माळ्यावर राखणीला बसतात, डबे वाजवतात, बॅटरी मारतात. त्या माळ्यावरून फोटो मिळणं अवघडच. माळा शेताच्या मधोमध, उघड्यावर, आणि तो कुठं आहे हे गव्यांच्या कळपाला मामाइतकंच पाठ. सॅडलमध्ये खोडाला लागून बसता येतं, आणि जनावर ज्या बाजूला असेल त्याच्या उलट बाजूला सरकून खोडाचाच आडोसा करता येतो. झाडाला एक खिळाही मारावा लागत नाही. सगळं सामान एका सॅकमध्ये मावतं, म्हणजे एसटीने जाता येतं. झाड मालकीच्या जमिनीतलं असल्यामुळे परवानगीची भानगड नाही. राधानगरीच्या अभयारण्यात असलं काही करायचं मनातही आणू नये.

सामानाची रचना सांगायला सोपी आहे. कमरेखाली जाळीचं किंवा जाड कापडाचं रुंद बसणं, मांड्यांना दोन पट्टे. बसण्याच्या दोन्ही बाजूंना एकेक मजबूत फासा शिवलेला, आणि ते दोन फासे जोडणारा पोटासमोरचा आखूड दोर, तो ब्रिज. झाडाला डोक्याच्या उंचीवर आवळलेला दोर म्हणजे टेदर. टेदरवर एक सरकगाठ, त्या गाठीत कॅराबिनर म्हणजे तोंड उघडणारी धातूची कडी, कॅराबिनरमध्ये ब्रिज. पायाखाली छोटा प्लॅटफॉर्म. झाडाकडे तोंड करून मागे रेललं की सगळा भार टेदरवर. तिसरा दोर चढता-उतरताना कमरेतून खोडाभोवती टाकायचा. एमएसईबीचा वायरमन खांबावर टाकतो तोच हा, त्याला म्हणतातही लाइनमनचा दोर.

एकदा वर बसल्यावर माणूस आणि जमीन यांच्यामध्ये तो टेदर तेवढा असतो. म्हणून सॅडल कुठल्या कंपनीचं, रंग कुठला, खिसे किती, यावर मी फार वेळ घालवला नाही. वेळ घालवला तो दोरावर.

लक्ष्मीपुरीत गेले तेव्हा बेंदूर तोंडावर आला होता. दुकानात म्होरक्या, वेसणी, गोंडे, घुंगरमाळा, आणि भिंतभर कासरे: हिरवे, निळे, भगवे.

"म्हशीला पायजे का बैलाला, ताई?"

"मला पायजे. लटकायला."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मी घाईघाईने झाड, फोटो, गवे असं सगळं सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा सैल झाला. मग त्याने मागून अंगठ्याएवढ्या जाडीचा पिवळा दोर ओढून काढला. "ह्यानं ट्रक ओढतोय बघा. तुमचं वजन ते काय!"

त्याचं खोटं नव्हतं. तो दोर माझ्या वजनाने तुटला नसता. तरीही तो घेतला नाही. तीन पेडांचा पीळ घातलेला दोर भार आला की पीळ सोडायला बघतो, आणि त्याला लटकलेली वस्तू गोल फिरते. त्यातून हा पॉलिप्रॉपिलीनचा. उन्हात ते धागे लवकर ठिसूळ होतात आणि घर्षणाने तापले की नायलॉनच्या मानाने लवकर वितळतात. सरकगाठीचं सगळं काम घर्षणावर. शिवाय किती भाराला, कुठल्या चाचणीतून गेला, याचा पट्टा त्या दोरावर कुठेच नाही. दुकानदाराचाही त्यात दोष नाही, तो जनावरांसाठी विकतो.

चुलतभावाचा एक मित्र साखर कारखान्यांच्या धुराड्यांवर आणि सायलोंवर दोराला लटकून काम करतो. त्याला मी दादा म्हणते. पिवळ्या दोराची गोष्ट ऐकून तो म्हणाला, "ट्रकला झटका बसला तर बसला. तुझ्या कमरेला बसला की?" आणि मग त्याने माझी तासभर शाळा घेतली. त्याचा सार असा, की दोराची ताकद ही सगळ्यात कमी काळजीची गोष्ट. बाजारात जो काही प्रमाणित दोर मिळेल तो माणसाला पुरून उरतो. बघायचं ते तीन गोष्टींकडे: तो किती ताणतो, त्यावर गाठ कशी धरते, आणि तो कुठे झिजतो.

ताणाचं आधी. गिर्यारोहणाचा दोर आतला गाभा आणि बाहेरचं विणलेलं आवरण असा दुहेरी असतो. ही कर्नमँटल पद्धत एडेलरिड या जर्मन कंपनीने १९५३ मध्ये आणली. त्यात दोन जाती. डायनॅमिक दोर पडणाऱ्या माणसाला झेलण्यासाठी, त्यामुळे तो ताणतो: ८० किलो नुसते टांगले तरी दहा टक्क्यांपर्यंत, आणि जोरात पडल्यावर चाळीस टक्क्यांपर्यंत चालतो. स्टॅटिक किंवा कमी ताणाचा दोर लटकून काम करण्यासाठी. ईएन १८९१ या युरोपीय मानकात त्याचा ताण पाच टक्क्यांच्या आत लागतो. सॅडलला हा दुसरा. डायनॅमिकवर बसलं तर हललं की वरखाली होत राहतं, आणि मोठी लेन्स हातात असताना ते नको असतं.

पण स्टॅटिक दोराची एक अट आहे, आणि दादाने ती माझ्याकडून पाठ करून घेतली: टेदर कधीही ढिला ठेवायचा नाही, आणि टेदरची गाठ कधीही कमरेच्या खाली येऊ द्यायची नाही. फूट-दीड फूट ढील असताना पाय घसरला तर टेदर तुटणार नाही, पण ताणून झटका पचवायला दोरच तेवढा नसतो, मग तो झटका कमरेत आणि मणक्यात जातो. लोक जीव घेणारी उंची विचारतात, वीस फूट का पंचवीस. आखूड दोरावर दोन फुटांची ढीलसुद्धा वाईट.

त्याच मानकातल्या ए प्रकारच्या दोराला किमान २२ किलोन्यूटन भार सोसावा लागतो, म्हणजे सव्वादोन टनांच्या आसपास. गाठ मारली की त्यातला पाव-तृतीयांश हिस्सा जातो, कारण गाठीच्या वळणात बाहेरचे धागे ताणतात आणि आतले रिकामे राहतात. नायलॉन भिजला की आणखी थोडा जातो. सगळं वजा केलं तरी माझ्या वजनाच्या वीसपट उरतात. आकड्यांचा धसका तिथे संपला.

जाडीवर मात्र बरेच दिवस अडले. अमेरिकेतले बरेच शिकारी आता आठ मिलीमीटरचे टेदर वापरतात. आत अरामिडसारखे फार मजबूत कृत्रिम धागे असतात, वजन कमी, खिशात मावतात. त्यांना मैलोन्‌मैल रान तुडवायचं असतं. मला मामाच्या घरापासून बांधापर्यंत चालायचं आहे. पातळ दोराला सरकगाठीची दोरीही पातळ आणि खास लागते, उपकरणंही वेगळी लागतात, आणि थंडीत आखडलेल्या बोटांना जाड दोर बरा सापडतो. मी साडेदहा मिलीमीटरचा, नायलॉनचा स्टॅटिक दोर घेतला, आणि एकाच रिळातला सलग वीस मीटर. त्यातून तीन मीटर टेदर, तीन मीटर लाइनमनचा, उरलेला उतरण्यासाठी. एका जाडीचा दोर सगळीकडे, म्हणजे सरकगाठीची दोरी आणि उतरायचं उपकरण कुठल्याही तुकड्यावर तसंच चालतं. टेदर तीन मीटर कशाला, असं वाटेल. खोडाचा घेर पाच-साडेपाच फूट, आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखी गाठ फास सोडून चांगला दोन-अडीच फूट दोर खाते.

दोर हातात आला तेव्हा दादाने त्याचा एकेक वीत भाग चिमटीत वाकवून यू करून बघितला. चांगला दोर सगळीकडे सारख्याच गोलाईत वळतो. जिथे एकदम बिजागरीसारखा मोडतो किंवा चपटा होतो, तिथे आतला गाभा गेलेला, वरून आवरण कितीही नवंकोरं दिसो. ही तपासणी आता मी दर वेळी करते. एसटीत बसल्या बसल्या होते.

सरकगाठीची परीक्षा कसबा बावड्यात मावशीच्या परड्यातल्या चिंचेवर झाली. चिंचेचं लाकूड चिवट, आणि फांदी इतकी खाली की पाय जमिनीपासून हातभर वर. कुठलंही सॅडल असो, पहिले तास असेच घालवावेत, पडलं तर कपडे मळतील एवढ्याच उंचीवर. मावशी तुळशीकट्ट्यावर बसून बघत होती. "एवढ्या पैशात गच्चीवर पाळणा आला असता," तिचं मत.

ही सरकगाठ म्हणजे प्रुसिकची गाठ, ऑस्ट्रियाच्या कार्ल प्रुसिकच्या नावाची, १९३१ पासून प्रसिद्ध. पातळ दोरीचा फास मुख्य दोराभोवती दोन-तीनदा गुंडाळायचा. भार आला की आवळते, भार काढला की सरकते. पातळ दोरी मुख्य दोराच्या साधारण साठ ते ऐंशी टक्के जाडीची असावी हा अंदाज. आम्ही सहा, सात आणि आठ मिलीमीटरच्या तीन दोऱ्या लावून बघितल्या. सहाची अशी काही चावली की अर्धा तास बसल्यावर ती सोडवायला दोन्ही हात लागले, आणि झाडावर एक हात नेहमी खोडाला असतो. आठची नवी आणि ताठ. तीन वेढ्यांवर मी टेकले तर वीतभर खर्रकन घसरून मग धरली. दादाने ती काढून मला बोट फिरवायला लावलं. वेढ्यांच्या आतल्या बाजूला दोरी गुळगुळीत, कडक आणि चकचकीत झाली होती. धागे वितळून पुन्हा घट्ट झाले होते. एवढ्याशा घसरणीत. त्याने खिशातली सुरी काढून तिचे दोन तुकडे केले, पुन्हा कुणी वापरू नये म्हणून. सात मिलीमीटरची जमली: आवळते, आणि एका अंगठ्याने मागे ढकलली की सुटते. प्रमाणित सात मिलीमीटर दोरीची किमान ताकद ९.८ किलोन्यूटन, आणि प्रुसिकमध्ये तिचा दुपदरी फास असतो.

प्रुसिकऐवजी धातूचे क्लॅम्पही मिळतात. एका हाताने सरकतात, सोयीचे आहेत. पण दातेरी क्लॅम्प झटक्यात दोराचं आवरण फाडू शकतो, आणि बिनदातेरी घ्यायचा तर त्यावर कोरलेली दोराची जाडी तंतोतंत जुळायला हवी. शिवाय धातू वाजतो. मी दोरीवरच राहिले.

कॅराबिनरच्या बाबतीत एकच सांगण्यासारखं. किल्ल्यांना आणि बाटल्यांना लावायचे रंगीत हूक अगदी तसेच दिसतात, आणि ते कशाच्याच लायकीचे नाहीत. खऱ्या कॅराबिनरच्या अंगावर आकडे कोरलेले असतात: लांबीत वीस किलोन्यूटन किंवा जास्त, आडव्यात सात-आठ, आणि तोंड उघडं असताना तेवढंच. हा आडवा आकडा बघून कळतं की कॅराबिनर फिरून आडवा पडू देऊ नये. तोंडाला कुलूप हवंच, स्क्रूचं किंवा आपोआप लागणारं. मी आपोआप बंद होणारं घेतलं, कारण पहाटेच्या अंधारात स्क्रू फिरवला की नाही हे आठवत बसायला नको.

सॅडल विकत घेताना बायकांनी एक गोष्ट बघावी, जी पुरुषांच्या चर्चेत येत नाही. बाजूंनी कमरेची हाडं चिमटतात, त्यात रुंद नितंबांना जास्त. दुकानात उभं राहून हे कळत नाही, पाऊण तास लटकल्यावर कळतं. मी दोन पट्ट्यांचं घेतलं, म्हणजे खालचा पट्टा मांड्यांकडे आणि वरचा कंबरेकडे सरकवून भार वाटता येतो. ब्रिज लांब केला की दोन्ही बाजूंचा दोर कमी कोनात ओढतो आणि चिमटा सैल होतो. मात्र इतकाही लांब नको की प्रुसिकपर्यंत हात पोचणार नाही. सगळ्यात जास्त झिजतो तोही ब्रिजच, कारण कॅराबिनर दिवसभर त्याच चार बोटांवर इकडून तिकडे घासतो. तिथे धागे पिंजलेले दिसले की तो बदलायचा.

चढायला अमेरिकेत तीन-चार पायऱ्यांच्या ॲल्युमिनियमच्या काठ्या खोडाला बांधत जातात. मागवायच्या तर सॅडलइतकेच पैसे. मामाच्या गोठ्याला टेकवलेली बांबूची शिडी होती. ती खोडाला तीन ठिकाणी पट्ट्याने आवळली आणि पहिल्या पायरीपासून लाइनमनचा दोर खोडाभोवती घेऊनच चढायचं ठरवलं. फांदी आडवी आली की आधी टेदर फांदीच्या वर टाकायचा, त्यावर भार द्यायचा, मगच लाइनमनचा सोडून वर घ्यायचा. एक ना एक दोर कायम खोडाला. हे करताना कंटाळा येतो, आणि माणसं पडतात ती बहुधा चढता-उतरतानाच. प्लॅटफॉर्म शिवाजी उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये ॲल्युमिनियमचा करून घेतला. तिथल्या मिस्त्रीला नुसतं "पायाखाली" म्हटलं तर तो म्हणाला, "जीव ह्याच्यावर हाय का न्हाई ते सांगा, त्यानुसार जोड मारतो." जीव टेदरवर असतो असं सांगितलं. तरी त्याने जोड दुहेरी मारला.

झाड निवडायला मामा. बांधावर जांभूळ, फणस, ऐन अशी तीन झाडं सोयीची. जांभळाचं नाव काढताच "त्याच्या नादाला लागू नगंस पोरी, न सांगता मोडतंय." फणसाचा चीक दोराला लागला की आवरणात धूळ चिकटून बसते आणि प्रुसिक अडखळते. ऐन उरला. त्याची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली, म्हणून टेदर जागचा हलत नाही. पण तीच साल दोराला खरवडतेही, म्हणून खोडाला टेकणाऱ्या भागावर मी जुन्या टायरट्यूबचं आवरण चढवलं. आवरण दर वेळी सरकवून खालचा दोर बघते. वर बघायचं म्हणजे वाळकी फांदी नाही ना, आणि मुंगळ्यांचं पानांचं घरटं नाही ना. दुसरं जास्त महत्त्वाचं, असं मला आता वाटतं.

उंची बारा फूट पुरे झाली. शिकारी वीस फुटांपर्यंत जातात, वास वरून निघून जावा म्हणून. फोटोला त्या उंचीवरून गव्याची नुसती पाठ मिळते. बारा फुटांवरून शिंगं, कपाळावरचा करडा पट्टा आणि पायांतले पांढरे मोजे सगळं मिळतं, आणि मला ते मिळालं. आजरा-चंदगड पट्ट्यात गेल्या दोन दशकांपासून हत्तीही येतात, त्यांना बारा फूट काहीच नाही. म्हणून हत्तीचा माग लागल्याची बातमी असेल त्या आठवड्यात मी चढत नाही.

उतरायचा दोर वर टेदरच्या खालोखाल बांधून, टोकाला गाठ मारून, गुंडाळी करून लटकवलेला असतो. शिडी सुटली किंवा मधमाश्या उठल्या तर ग्रिग्रीतून, म्हणजे दोर धरून सावकाश सोडणाऱ्या उतरायच्या उपकरणातून, खाली. ग्रिग्रीचं आताचं मॉडेल साडेआठ ते अकरा मिलीमीटरच्या दोराला चालतं, माझा त्यात बसतो. टोकाची गाठ दादाने पाच वेळा बजावली. दोर संपून खाली पडणाऱ्यांमध्ये अनुभवी लोकही असतात. आणि पट्ट्यात निपचित लटकून राहायचं नाही. पाय अधांतरी आणि स्थिर राहिले की रक्त पायात साठतं आणि भोवळ येऊ शकते. प्लॅटफॉर्मवर टाचा दाबत राहायचं, दर थोड्या वेळाने उभं राहायचं. मामाला किंवा मामेभावाला सांगितल्याशिवाय चढायचं नाही, आणि फोन वरच्या खिशात, खालच्या सॅकमध्ये नाही.

दोर मी आजऱ्याला ठेवत नाही. मामाच्या खोलीत फवारणीची औषधं, उंदीर आणि इन्व्हर्टरची बॅटरी असं सगळं एकत्र नांदतं. त्यातली बॅटरी सगळ्यात वाईट, कारण ॲसिडच्या वाफेने नायलॉन आतून कुजतो आणि वरून काहीच दिसत नाही. कोल्हापुरात घरी आणून साध्या पाण्यात सौम्य साबणाने धुते, सावलीत वाळवते, सुती पिशवीत कपाटात टांगते. पिशवीवर खरेदीची तारीख लिहिली आहे. कापडी सामान न वापरता पडून राहिलं तरी बहुतेक उत्पादक दहा वर्षांपलीकडे वापरू नका म्हणतात. प्रुसिकची दोरी मी दर हंगामाला नवी घेते, स्वस्त असते.